बाई परत आली नाही, गादी मात्र गेली : इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची कहाणी

कुही : 31 मे आला की गावोगावी अहिल्यादेवी होळकरांच्या फोटोला हार पडतो. घाट, बारवा, धर्मशाळा, काशीचं देऊळ, सगळं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्याच घराण्यात, अहिल्यादेवी गेल्यावर शंभरेक वर्षांनी गादीवर बसलेल्या एका होळकराचं नाव जयंतीच्या भाषणात कोणी घेत नाही. त्याचं नाव तुकोजीराव होळकर तिसरे. माणूस शिकलेला, हुशार, शहर सुधारणारा. पण एका बाईच्या पायी झालेल्या खुनात त्याची गादी गेली. जवळपास शंभर वर्षांपूर्वी हे प्रकरण देशभर गाजलं. पेपरवाल्यांनी वर्षभर त्यावर पोट भरलं, सिनेमाही निघाला. जुने लोक त्याला बावला खून खटला म्हणत.

तुकोजीरावांचा जन्म 26 नोव्हेंबर 1890 चा. वडील शिवाजीराव होळकर हे डोक्याने तापट. इंदूरच्या सावकारांना त्यांनी बग्गीला जुंपलं होतं, अशी आख्यायिका आजही सांगतात. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण इंग्रजांचं आणि त्यांचं जमलं नाही एवढं नक्की. 1903 च्या जानेवारीत इंग्रजांनी त्यांना गादी सोडायला लावली आणि बारा वर्षांच्या तुकोजीरावांना बसवलं. म्हणजे बापाची गादी कशी जाते ते या पोराने लहानपणीच डोळ्यांनी पाहिलं होतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

इंग्रजांना राजे उठवता-बसवता कसे येत होते, हे आपल्या नागपूरकडच्या माणसाला वेगळं सांगायची गरज नाही. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज हरली. त्यानंतर महिना होत नाही तोच, 21 डिसेंबरला, महिदपूरच्या लढाईत होळकर हरले. दोन्ही मराठी राज्यं एकाच हिवाळ्यात इंग्रजांच्या हाताखाली गेली. फरक एवढाच, की नागपूरचं राज्य 1854 मध्ये डलहौसीने गिळूनच टाकलं आणि कुही, मांढळ, उमरेडचा मुलूख सरळ कंपनी सरकारचा झाला. होळकरांचं राज्य मात्र राहिलं. राजा होता, फौज होती, 19 तोफांची सलामी होती. सोबतीला इंग्रजांचा रेसिडेंटही होता. राज्य साडेनऊ हजार चौरस मैलांचं, लोकसंख्या अकरा लाखांच्या वर. माळव्याची काळी जमीन, कापूस आणि अफू. पैसा भरपूर.

उंदराची मिरवणूक

तुकोजीराव अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले. तिथे राजांचीच पोरं शिकायची. इंग्रजी बोलणं, घोडा, पोलो, सूटबूट, सगळं आलं. 1911 मध्ये पंचम जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाला ते लंडनला जाऊन आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कारभाराची पूर्ण सूत्रं त्यांच्या हाती आली. वय एकविशीच्या उंबरठ्यावर. युरोपची चटक तेव्हाच लागली. त्या वर्षांत पॅरिसच्या जवाहिऱ्याकडून त्यांनी पेअर फळाच्या आकाराचे दोन हिरे घेतले. एकेक हिरा सेहेचाळीस कॅरेटच्या वर. ते हिरे जगात इंदूरच्या नावाने ओळखले जातात.

आता एवढ्यावरून कोणी म्हणेल, उधळ्या राजा होता. तसं नव्हतं. राज्यकारभारात या माणसाने जे केलं ते पाहिलं तर पुढच्या भानगडीचं जास्तच वाईट वाटतं.

इंदूर तेव्हा प्लेगने हैराण होतं. तुकोजीरावांनी पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटलंडच्या शहर-नियोजनकाराला बोलावलं. या गेडिसने गल्ल्या पायी फिरून पाहिल्या. लोक आधी त्याला भ्यायचे, कारण नकाशावर खुणा करणारा गोरा साहेब म्हणजे घर पाडणारा, हा तेव्हाचा अनुभव. मग त्याने एक शक्कल लढवली. एका दिवसापुरता मला महाराज करा म्हणाला आणि तुकोजीराव हो म्हणाले. आजच्या एखाद्या पुढाऱ्याला असं विचारून पाहा!

दिवाळीच्या वेळी इंदुरात मिरवणूक निघाली. गेडिसने आधीच दवंडी पिटवली होती, की मिरवणुकीचा रस्ता ठरलेला नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्याच गल्ल्यांतून ती जाणार. झालं, लोकांनी घरं झाडली, भिंती रंगवल्या, वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला. मिरवणुकीत हत्ती होते, घोडे होते आणि रावणाच्या जागी प्लेगचा राक्षस. सोबत भला मोठा उंदीर. रोज नाली काढणाऱ्या सफाई कामगारांना नवे पांढरे कपडे देऊन, हार घालून मिरवणुकीत मानाने चालवलं. संध्याकाळी उंदीर आणि राक्षस जाळले. ज्या काळात झाडूवाल्याची सावली चालत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट आहे. गेडिसचा इंदूर शहराचा अहवाल 1918 मध्ये छापून आला आणि शहर-नियोजन शिकणारे आजही तो वाचतात. त्याच साली हिंदी साहित्य संमेलन इंदुरात भरलं, अध्यक्ष होते महात्मा गांधी.

कास्तकारांसाठी आणखी एक. 1924 मध्ये इंदुरात कापसाच्या आणि पिकांच्या संशोधनाची संस्था निघाली. जमीन इंदूर दरबाराने दिली. तिथले साहेब अल्बर्ट हॉवर्ड यांनी वावरातला काडीकचरा, शेण, जनावरांच्या मुताची माती आणि राख थरावर थर रचून खत करायची रीत बसवली. जगात तिला इंदूर पद्धत म्हणतात. सेंद्रिय शेतीच्या शिबिरात कंपोस्टचा जो खड्डा किंवा ढीग दाखवतात, त्याचं मूळ तिथलं. संस्था सुरू झाली तेव्हा गादीवर तुकोजीरावच होते. पण तो ढीग नीट कुजायच्या आतच त्यांचं राज्य गेलं होतं.

मुमताज

महाराजांना दोन राण्या होत्या, चंद्रावतीबाई आणि इंदिराबाई. 1908 साली जन्मलेले यशवंतराव हे वारस. असं सगळं असताना दरबारात मुमताज बेगम नावाची नाचगाण्याची पोरगी आली. मूळची पंजाबकडची, अमृतसरच्या बाजूची. आईचाही हाच व्यवसाय. इंदुरात आली तेव्हा मुमताजचं वय इतकं कोवळं होतं, की आज असं घडलं तर पोलीस गुन्हा दाखल करतील. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. राजेलोकांचं असंच असायचं. त्या काळी अशा बाईला मराठीत अंगवस्त्र म्हणत. म्हणजे अंगावर टाकायचा कपडा. पाहिजे तेव्हा घ्यावा, नको तेव्हा खुंटीला टांगावा. या सगळ्या प्रकरणाची मेख त्या एका शब्दात आहे, कारण या कपड्याने एक दिवस स्वतःहून खुंटीवरून उतरायचं ठरवलं.

मुमताज नऊ-दहा वर्षं होळकरांच्या आश्रयाला होती. राहायला वाडा, अंगावर दागिने, फिरायला मोटार, पण भोवती पहारा. तिला एक मुलगी झाली आणि ती लगेच गेली. ती मुलगी आपोआप गेली नाही, नर्सांनी मारली, असं मुमताजने पुढे कोर्टात सांगितलं. या आरोपाची शहानिशा कधीच झाली नाही, त्यामुळे खरं काय ते सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून तिला इंदूर नकोसं झालं, एवढं तिच्या वागण्यातून दिसतं.

एकदा मसुरीला जाताना लवाजमा दिल्लीला पोचला. तिथे या बाईने पुढे जायला साफ नकार दिला. इंग्रजांच्या मुलुखात होळकरांच्या शिपायांना तिला उचलून नेता येत नव्हतं. तिने पोलिसांची मदत घेतली आणि सुटली. अमृतसरला गेली, तिथून पुढे मुंबईला आली. इंदूरहून माणसं येतच राहिली. समजावणी झाली, लालूच झाली, धाकही झाला. ती परत गेली नाही.

मुंबईत तिला अब्दुल कादर बावला या तरुण व्यापाऱ्याने आसरा दिला. मेमन समाजातला, पैसेवाला, मुंबई महापालिकेचा नगरसेवक. वय पंचविशीतलं. बाईला सोडून दे, असे इशारे त्यालाही आले. त्याने मनावर घेतले नाहीत.

12 जानेवारी 1925

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बावला, मुमताज आणि बावलाचा मॅनेजर मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाले होते. मलबार हिल म्हणजे मुंबईतली बड्या लोकांची टेकडी, गव्हर्नरचा बंगलाही तिथेच. मागून एक मोटार आली, यांच्या गाडीला घासून आडवी झाली. त्यातून माणसं उतरली. हातात पिस्तुलं, सुरे. बावलाला गोळ्या घातल्या. मुमताजला गाडीतून ओढायला लागले. ती सुटेना, तेव्हा तोंडावर सुऱ्याने वार केले. तिला उचलून न्यायचं होतं, हे उघड होतं. पण तोंडावर वार का? नाचणाऱ्या बाईचं तोंड खराब केलं, की ती कोणाच्याच कामाची राहात नाही, असा हिशोब असावा. आजही एकतर्फी प्रेमातून पोरीच्या तोंडावर ॲसिड फेकणाऱ्याचा हिशोब हाच असतो.

नशीब म्हणा, गोल्फ खेळून परतणारे तीन गोरे लष्करी अधिकारी त्याच वेळी मोटारीतून तिथे आले. त्यांच्याजवळ हत्यार नव्हतं, होती ती गोल्फ खेळायची काठी. एकाने त्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपायला सुरुवात केली. त्याला गोळी लागली तरी तो हटला नाही. मागून आलेला एक कर्नलही थांबला. हल्लेखोर जागेवरच हाती लागले म्हणून पुढचं सगळं उघडकीला आलं. त्या दिवशी ते अधिकारी पाच मिनिटं उशिरा आले असते, तर मुमताज इंदूरला पोचली असती आणि बावलाचा खून कोणी केला ते कदाचित कधीच समजलं नसतं. बावला त्याच रात्री दवाखान्यात गेला. मुमताज वाचली, चेहऱ्यावर टाके पडले.

मुंबईचे पोलीस कमिशनर केली यांनी तपास हाती घेतला. पकडलेल्यांची मुळं खणत गेले तर ती इंदुरात निघाली. कोणी इंदूरच्या पोलिसातला, कोणी इंदूरच्या फौजेतला. यादीत सगळ्यांत वरचं नाव होतं सरदार आनंदराव गंगाराम फणसे. इंदूरच्या फौजेचे ॲडज्युटंट जनरल. म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. असा माणूस वरच्या इशाऱ्याशिवाय मुंबईत गुंड पाठवेल का, हा प्रश्न मुंबईपासून लंडनपर्यंत सगळे विचारू लागले.

खटला 1925 च्या एप्रिल-मेमध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प आणि ज्युरीपुढे चालला. नऊ आरोपी. फणश्यांचे वकील होते बॅरिस्टर महंमद अली जिना, पुढे पाकिस्तान करणारे तेच. कोर्टाबाहेर रोज झुंबड. मुमताज साक्षीला उभी राहिली तेव्हा तोंडावरचे व्रण सगळ्यांना दिसत होते. तिने भर कोर्टात दहा वर्षांचा हिशोब मांडला. ज्या बाईला पेपरवाले मीठमसाला लावून नाची, वेश्या, बेगम म्हणत होते, ती तिथे फिर्यादीच्या बाजूची मुख्य साक्षीदार होती, आणि एवढ्या मोठ्या वकिलांच्या उलटतपासणीत ती डगमगली नाही.

23 मे 1925 ला निकाल लागला. तिघांना फाशी, चौघांना काळं पाणी, दोघं सुटले. फणश्यांचा गळा वाचला, जन्मठेप झाली. फाशीच्या तिघांपैकी दोघं त्याच वर्षी फासावर गेले. तिसऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून त्याची फाशी टळली. या सगळ्यांना मुमताजशी काही देणंघेणं नव्हतं. ते चाकर होते. मालकाचा मान राखायला निघाले आणि गळ्यात दोर पडला. न्यायाधीशांनी निकाल देताना एवढं म्हटलं, की या कटाचं मूळ इंदुरात आहे आणि या आरोपींच्या मागे आणखी कोणीतरी आहे. पण ते कोण, हे पुराव्यावरून सांगता येत नाही.

महाराजांवर आरोप ठेवला गेला नाही. ते आरोपी नव्हते, साक्षीदारही नव्हते. हुकूम त्यांनीच दिला, की त्यांना खूश करायला कोणी परस्पर केलं, हे कोणत्याच कोर्टात सिद्ध झालेलं नाही. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण आपल्याकडे पारावर खटला आधी चालतो आणि निकालही तिथेच लागतो. पण सिद्ध झालं नाही म्हणून प्रश्न संपत नाही. एक बाई राहायला तयार नाही, तिच्या मागे महिनोन्‌महिने राज्याची माणसं, राज्याचा पैसा लागतो आणि राजाला ठाऊक नाही, हे पचणं अवघड आहे.

दरम्यान लोकांची करमणूक सुरूच होती. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने या प्रकरणावर बेतलेला 'कुलीन कांता' नावाचा मूकपट काढला. खटल्याची शाई वाळायच्या आत!

दोनच रस्ते

आता गोष्ट कोर्टातून निघून दिल्लीला गेली. व्हाइसरॉय होते लॉर्ड रीडिंग. त्यांनी तुकोजीरावांपुढे दोन रस्ते ठेवले. चौकशी आयोगापुढे उभं राहा, नाहीतर गादी सोडा.

इंग्रजांना मुमताजचा कळवळा होता, असं कोणी समजू नये. त्यांच्या मुंबईत, गव्हर्नरच्या बंगल्याच्या टेकडीवर, त्यांच्या अधिकाऱ्याला गोळी लागली होती. शिवाय त्या वर्षांत संस्थानिकांना त्यांची जागा दाखवायचं काम रीडिंग साहेबांनी लावलंच होतं. 1923 मध्ये पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांना गादी सोडावी लागली होती. आणि होळकर गेल्यावर महिन्याभरात, मार्च 1926 मध्ये, याच रीडिंगने हैदराबादच्या निजामाला पत्र धाडलं. निजाम आपला वऱ्हाड परत मागत होता. त्याला उत्तर मिळालं, की हिंदुस्थानातल्या कोणत्याही राजाने इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलू नये. अमरावती, अकोल्याच्या नशिबाचा फैसला आणि इंदूरच्या गादीचा फैसला एकाच टेबलावर, महिन्याच्या अंतराने झाला. इंग्रजांना निमित्त हवं होतं. तुकोजीरावांनी ते हातात दिलं.

महाराजांचं म्हणणं असं, की तहाप्रमाणे मी स्वतंत्र राजा आहे, माझी चौकशी करायचा अधिकार इंग्रजांना नाही. कायद्याच्या भाषेत मुद्दा खोटा नव्हता. पण हा मुद्दा धरून आयोगापुढे जायची हिंमत त्यांनी केली नाही. आयोग बसला असता तर अंतःपुरातली प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर आली असती. मेलेल्या त्या लहान मुलीचा विषयही निघाला असता. अर्थात ते निर्दोष असते तर तेही तिथेच सिद्ध करता आलं असतं. त्यांनी गादी सोडायचं ठरवलं, बदल्यात पुढे चौकशी होणार नाही, हे पदरात पाडून घेतलं. फेब्रुवारी 1926 च्या शेवटी तुकोजीरावांनी सतरा वर्षांचा मुलगा यशवंतराव याच्यासाठी पद सोडलं. बापाची गादी गेली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. स्वतःची गेली तेव्हा पस्तीस. यशवंतराव लहान म्हणून कारभार पुन्हा इंग्रजांच्या नजरेखालच्या मंडळाकडे गेला आणि पूर्ण अधिकार त्यांना 1930 मध्ये मिळाले.

रयतेला यात कोणी विचारलं नाही. ज्या राजाने झाडूवाल्याला हार घालून मिरवणुकीत चालवलं, त्याच्या राज्यात लोकांनी काय गमावलं, याचा जमाखर्च ना मुंबईच्या कोर्टाने मांडला, ना दिल्लीच्या सरकारने. आणि मुमताजने काय गमावलं, याचाही नाही. खटला संपल्यावर तिचं नाव पेपरातून हळूहळू गेलं.

शर्मिष्ठादेवी

एवढं झाल्यावर माणूस गप बसेल, असं वाटतं. तुकोजीराव युरोपला गेले आणि दोन वर्षांत पुन्हा पेपरात आले. अमेरिकेतल्या सिएटल गावची नॅन्सी ॲन मिलर ही विशीतली मुलगी त्यांना भेटली आणि लग्न ठरलं. आता आली पंचाईत. गोरी, ख्रिस्ती मुलगी होळकरांच्या घरात सून म्हणून कशी यायची? इंग्रज सरकारला हे लग्न पसंत नव्हतं. आपल्याकडच्या सनातन्यांनाही नव्हतं. पण तुकोजीरावांनी या वेळी चोरून काही केलं नाही. मार्च 1928 मध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हातून नॅन्सीला हिंदू करून घेतलं. नाव ठेवलं शर्मिष्ठादेवी. धनगर समाजात तिला स्थान मिळावं म्हणून होळकरांच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरात ती दत्तक गेली. समाजात वाद झाले, बाजूने बोलणारेही उभे राहिले. 17 मार्च 1928 ला नर्मदाकाठच्या बडवाहला लग्न लागलं. माणसं लोटली होती.

गंमत अशी, की हे लग्न टिकलं. शर्मिष्ठादेवींना चार मुली झाल्या. साडी नेसून, इथल्या रीतीभातीत त्या मिसळून गेल्या आणि सिएटलची ही पोर इंदूरचीच होऊन राहिली. मुमताजच्या वाट्याला पहारा आला, नॅन्सीच्या वाट्याला अंतरपाट. एकीला विचारलं नव्हतं, दुसरीला विचारलं होतं. मधल्या काळात तुकोजीराव बदलले, की नॅन्सीच्या मागे अमेरिकेचा पासपोर्ट होता म्हणून जपून वागले, ते आता कोण सांगणार?

गादी गेली तरी पैसा गेला नव्हता. पॅरिसजवळ सेंट जर्मेन इथे त्यांनी मोठी हवेली घेतली. कधी इंदूर, कधी फ्रान्स असं जाणं-येणं चालायचं. राज्यकारभारात त्यांना परत कोणी बोलावलं नाही.

या माणसाला आयुष्य मात्र मोठं मिळालं, इतकं की जे जे घालवलं ते सगळ्यांचंच जाताना त्यांनी पाहिलं. ज्या इंग्रजांनी गादी काढली ते 1947 मध्ये गेले. 1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं. ज्यांच्यासाठी गादी सोडली ते यशवंतराव 1961 मध्ये वारले. मुलाच्या मरणाची खबर बापाला ऐकावी लागली. 1971 मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने राजांचे तनखे आणि पदव्याही काढून घेतल्या. त्यांच्या बाजूने कधी कोर्टात उभे राहिलेले जिना एका नव्या देशाचे कायदे-आझम होऊन, मरूनही वीस-पंचवीस वर्षं उलटली होती.

21 मे 1978 ला तुकोजीराव पॅरिसमध्ये वारले. वय 87. बावला गेला त्याला तेव्हा 53 वर्षं झाली होती, फासावर गेलेल्या दोघांनाही तेवढीच.

इंदूरला कोणी गेलं तर होळकरांचा लालबाग पॅलेस पाहता येतो. भिंतींवर चित्रं, छताला झुंबरं, नाचासाठी खास लाकडी जमीन. एमटीएच नावाचं सरकारी बायकांचं हॉस्पिटलही तिथे आहे. या तीन अक्षरांचा अर्थ महाराजा तुकोजीराव हॉस्पिटल. माळव्यातल्या गोरगरीब बाया तिथे बाळंतपणाला येतात.